सातवा खंड

नौपाड्याच्या वाचनालयातून आणलेला शेवटचा खंड.
समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा.
माझ्याआधी कुणीतरी हाच किल्ला चढलंय
सहाही खंडांत, जिना न् जिना.

राणीच्या सावलीला दात फुटतात
तिथे लिहिलंय, 'वाटलंच होतं!'
मी एकटीच हसले, रात्री दीडला.
खाली घोडबंदरवर
मेट्रोच्या खांबांतून वेल्डिंगच्या ठिणग्या.

पान चारशे बारा. घंटाघराचं दार अर्धं उघडं.
खुणा इथेच थांबतात.
पुढची पानं करकरीत,
दोन तर अजून चिकटलेली.

कार्डावर नाव: शालन टिपणीस.
नेलं मार्चमध्ये.
परत आलं जूनमध्ये, सही दुसऱ्याच कुणाची.

पट्टीने पानं सोडवली.
उजाडेपर्यंत किल्ला पडला.
मग पेन्सिल शोधून
शेवटच्या ओळीशेजारी लिहिलं:
राणी वाचते, शालनताई.