वाढत्या अंगाचं तिकीट

बर्फाच्या कारखान्याबाहेर छत्री रोवून
फोंडेकर तिकिटं विकायला बसला, त्या दिवशी
बांगड्याचा भाव पार पडलेला,
म्हणून माझ्याकडे वेळ होता.

आज साडेसहाशे, दिवाळीनंतर नऊशे.
सात वर्षं चालतं, म्हणाला, कधीही या.
पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, लाटांचा तलाव आहे.
लाटांचा!
देवगडच्या बंदरावर उभा राहून
हा मला लाटा विकत होता.
हसू आलं. पण कस्तुरीनं कागद हातातून सोडला नव्हता.

टिकणं म्हणजे काय ते मला विचारा.
कोळंबी चार तास, बर्फात दीड दिवस.
खारवलेला बांगडा श्रावण बघतो.
गोलमा नीट वाळला, डब्याचं झाकण घट्ट बसलं,
तर पुढच्या शिमग्यापर्यंत बघायला नको.
स्वस्तात घ्यायचं, राखायचं, नड आली की काढायचं,
हाच तर माझा धंदा.
मग एवढ्याशा कागदाला मी का बिचकले?

रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
चार मोठी, एक लहान: तीन हजार.
रवळूच्या एका फेरीचं डिझेल.
वाचणार हजारभर,
पण गेलो तर वाचणार.

आणि जाणार कधी?
एक जूनला बोट वर ओढतात,
मग नारळी पुनवेपर्यंत बोट आणि रवळू दोघंही आडवी.
पार्क दहा जूनला बंद, पाऊस जाईपर्यंत.
म्हणजे वर्षाला दिवस नऊ.
त्यातले काही जाळ्यांचे, एक सोसायटीचा,
एखादा निनादच्या शाळेचा.
नऊ साते त्रेसष्ट.
त्रेसष्टांतला एकही आमचा नसेल?
'नसेल' लिहिलं, आणि खोडलं.

लहान तिकीट चारशेचं, चार फूट दोन इंचांपर्यंत.
चौकटीवर पेन्सिलीची शेवटची खूण: तीन फूट अकरा.
सकाळी फोंडेकरला विचारलं, उंची कधी मोजणार?
येशील त्या दिवशी, म्हणाला, फाटकावर.
म्हणजे सात वर्षं टिकणाऱ्या गठ्ठ्यात
आधी नासणारा माल तोच.
वर्ष, फार तर दीड.
कोळंबीपेक्षा बरं, इतकंच.

रवळू म्हणाला, घे गो, ह्या वर्षी नाय तर फुडच्या.
तो असंच म्हणतो. इंजिनाचंही असंच म्हणाला होता.

सासूबाई निवडत होत्या सुकट.
मियां खंय घसरतलंय ह्या वयात?
मग बऱ्याच वेळानं, मान वर न करता:
नुसता बघूचा तिकीट आसा काय?
आहे. दीडशे.
घे तर. पण माज्या नावाचा नको.
नावच नको तेच्यार. मगे कोण पण जायत.
आणि सुपातला एक खडा उचलून
अंगणात टाकला.

कस्तुरीचा गणवेश मी नेहमी वाढत्या अंगाचा घेते,
पहिली दोन वर्षं बाह्या दुमडून,
तिसऱ्या वर्षी बरोबर बसतो.
तिचं तिकीटही मोठंच घेतलं.
सत्तावीसशे पन्नास.
सुट्टे नव्हते, फोंडेकरनं पन्नासाच्या बदल्यात
घासाघीस करून चार बांगडे नेले.

हात ओले होते, शिक्का जरा पसरला.
वर्ष वाचता येतं.

बोटीच्या परवान्याच्या पिशवीत ठेवली पाचही,
विम्याच्या कागदाखाली, कडेला कापूर.
हे शहाणपण झालं की नाही,
वहीत तसा रकाना नाही.

संध्याकाळी पोर चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
मोज, म्हणाली.
टाचा उचललेल्या मला दिसत होत्या.
खूण तिथेच केली.