चिमटा

खारच्या सिग्नलला रिक्षा थांबली, ऊन तिरपं आत आलं
आणि ड्रायव्हरच्या आरशात माझी हनुवटी.
तिच्यावर एक केस. उभा.
जुन्या गच्चीवर एकटीच उरलेली अँटेना असते, तसा.

सकाळी बाथरूममध्ये तो नव्हता.
म्हणजे होता. उजेड नव्हता.

बोटाला मात्र ठाऊक होतं.
आठवडाभर ते तिथे जाऊन येत होतं,
बँकेत केवायसीच्या रांगेत,
विहीणबाई फोनवर तासभर बोलत होत्या तेव्हा.
समोरच्याला वाटतं, बाई विचारात आहेत.

चष्म्याच्या खालच्या काचेतून बघायचं
तर मान एवढी वर करावी लागते
की हनुवटीच आरशातून निघून जाते.

आईला होते का असे?
आठवत नाही. ती पदराचं टोक तोंडाशी धरून हसायची.
आम्ही समजायचो, लाजते.

आणि भुवया? त्या गेल्या.
आधी शेपट्या, मग मधलं विरळ विरळ.
मुलगा म्हणाला, आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय,
मी भुवया उंचावल्या,
कुणाच्या लक्षातच आलं नाही.

चौऱ्याण्णव साली, हळदीच्या आदल्या दिवशी,
चुईम गावठाणातल्या ग्रेसीने त्या कोरल्या होत्या
दोऱ्याएवढ्या बारीक. तशीच फॅशन होती.
दाताखाली दोरा धरून म्हणाली होती,
"हलू नको गो टेलिफोन, नायतर नवरा घाबरंल."
एक्स्चेंजमध्ये होते मी, म्हणून टेलिफोन.
पुढे व्हीआरएस घेतली, एक्स्चेंजला कुलूप लागलं,
नाव राहिलं.
"तेव्हा इतक्या काढल्यास," मी परवा म्हटलं,
"आता परत येत नाहीत."
"तू बोललीस काढ. मी काढल्या."

आज तिच्याकडेच निघाले होते.
पायऱ्या चढून गेले तर पार्लरचा पडदा ओढलेला,
खुर्चीवर टॉवेलांची चळत,
आणि ग्रेसी आतल्या व्हरांड्यात, काळा चष्मा लावून.
मोतीबिंदू. उजवा मंगळवारी झाला,
डावा माउंट मेरीच्या जत्रेनंतर.
"वाकायचं नाय, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाय,
दोन तासांनी ड्रॉप. सून घालते, मान मोडते माझी."

मी ड्रॉप घातले.
तिने चष्मा काढला, तोंड वर केलं,
आणि दुपारच्या त्या उघड्या उजेडात मी पाहिलं:
ओठांवर करडी लव,
हनुवटीखाली सात-आठ पांढरे, राठ, वळलेले.
तीस वर्षं या बाईने माझा चेहरा
चार बोटांवरून पाहिला होता.
मी तिचा पाहिलाच नव्हता.
खुर्चीत डोळे मिटून असायचे ना.

"किती आहेत?" तिने विचारलं.
"दोन-तीन."
"खोटं नको बोलू. हाताला लागतात मला.
चिमटा वरच्या ड्रॉवरात. लाल नको, तो पकडत नाय."

पहिला निसटला. दुसराही.
"कातडी ताण," ती म्हणाली, "अंगठ्यानं. दया नको करू."
मी अंगठ्याने ताणली.
तिची कातडी मऊ होती, जुन्या धुतलेल्या साडीसारखी,
अंगठा उचलला तरी सुरकुती
थोडा वेळ सरकलेल्या जागीच राही.

खाली मच्छीवाली ओरडत गेली. मी मोजत होते.
अकरा निघाले.

"दुखलं?"
"पाणी आलं ते ऑपरेशनचं," ग्रेसी म्हणाली,
आणि हाताच्या पाठीने हनुवटी तपासली,
एकदा इकडून, एकदा तिकडून,
गिऱ्हाइकाचं काम तपासावं तशी.
"डाव्या बाजूला एक ठेवलास."

ठेवला होता खरा. तोही काढला.

मग ती म्हणाली, "आता तू बस."
"तुला दिसत कुठे नीट?"
"दिसायला काय लागतं," म्हणाली,
आणि तिचं खरखरीत बोट
माझ्या हनुवटीवरून हळूहळू चालत गेलं,
नेमकं तिथे जाऊन थांबलं.