तूस, दहा टक्के

हिराजी देसल्यांनी धसईहून पाठवलेल्या गोणीवर
अजून तांदळाचाच छाप आहे.
आत राख.
पहिली खेप काळी होती, घाईत जाळलेली,
राखुंडीसारखी करकरणारी.
परत पाठवली.
फोनवर म्हणाले, 'ताई, राख ती राख. तिचा रंग काय बघायचा?'
सांगितलं : भट्टी लालभडक होऊ देऊ नका,
धुमसती ठेवा,
बाळंतिणीच्या खाटेखालच्या शेगडीसारखी.
हे मात्र त्यांना लगेच कळलं.
दुसरी खेप आली करडी, पांढुरकी.
चिमटीत घेतली तर बोटांच्या रेषांत जाऊन बसली.

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर सत्तावीस.
आत मी, एक वजनकाटा, एक पाण्याची टाकी,
आणि दाब देणारं यंत्र,
ज्याला आम्ही मामंजी म्हणतो.

सिमेंट नव्वद भाग, राख दहा.
राख भलतीच तहानलेली,
पाणी पिते, पिते, आणि मिश्रण तरी कोरडं ठक्क.
वरून पाणी ओतायचं नाही, हा नियम.
मग ते काकवीसारखं तपकिरी रसायन, झाकणभर, मोजून.
सहा ठोकळे भरले.
ओले असतानाच खिळ्याने वर लिहिलं : तू-१०.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
'म्हंजे भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, दोनी एकाच घमेल्यात?'
मग स्वतःच थांबली.
'पन तूस म्हंजे कोंडा नाय गो.
कोंडा म्हशीला तरी घालतात. तूस कोनाच्याच तोंडी नाय.'

सातवा दिवस.
शेट्ये साहेब हेल्मेट काखेत धरून उभे.
मामंजींनी काटा चढवला,
आणि साध्या सिमेंटचा ठोकळा जिथे हूं की चूं करत नाही
तिथे आमचा कड्ड.
दुसराही. तिसराही.
'राखरांगोळीच की हो, मढवी बाई.'
विनोद बरा होता. मी वहीत आकडा लिहिला.
उरलेले तीन पाण्यात होते.
त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही.

राखेचं काम मागाहून असतं.
सिमेंट आधी आपली गडबड उरकून घेतं,
तापतं, घट्ट होतं, मागे चुना टाकून मोकळं होतं.
तो चुना राख सावकाश खाते,
जेवणानंतर पान खावं तशी,
आणि आतली बारीक बारीक भोकं बुजवत जाते.
वरून काही दिसत नाही.
संध्याकाळी दिवा घालवताना मी टाकीत एकदा डोकावायचे, इतकंच.

अठ्ठाविसाव्या दिवशी साहेब आलेच नाहीत.
काटा सातव्या दिवसाची खूण ओलांडून गेला,
साध्या ठोकळ्याची खूण आली, तीही मागे पडली,
आणि मग फुटला,
नीट, डमरूसारखा,
चारी बाजू झडून मधे कंबर.
फुटावं तर असं.
हात धुतले. आकडा लिहिला. पुन्हा हात धुतले.

अहवालात एक रकाना असतो : क्षार आत शिरण्यास विरोध.
तिथे लिहिलं, चांगला.
लिहिता लिहिता आठवलं,
आमचे आजे घणसोलीच्या खाजणात बांध घालायचे,
गुडघाभर चिखलात उतरून,
खाडी आत येऊ नये, राता भात तगावं म्हणून.
उधाणाच्या रात्री बांधाला कान लावून बसायचे म्हणे.
खाडी अजून तिथेच. वारा तसाच खारा.
आता सळईला मीठ लागू नये म्हणून
आडवं पडलंय भाताचंच तूस.
याला अहवालात रकाना नव्हता.

मंजुरी आली.
खांबांना नाही, स्लॅबला तर नाहीच.
गटाराच्या झाकणांना. सेक्टर सात, एकशे चाळीस नग.

काल आईला घेऊन गेले दाखवायला.
खालून पाणी खाडीकडे चाललं होतं, वासासकट.
तिने चप्पल काढली,
झाकणाची कड पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिली,
शीत पाहावं तशी.
'शिजलंय,' म्हणाली.