पट्टे मोजताना

खानापूरच्या आमच्या कॉलेजात, मागल्या कपाटात
एक आर्माडिलो आहे. पेंढा भरलेला.
शेपटीचं टोक कधीच गेलं,
उजव्या डोळ्याच्या जागी काचेचा मणी,
डाव्याच्या जागी माझ्या ब्लाउजचं बटण.
दर शनिवारी फडकं फिरवते. सोळा वर्षं.
कार्डावर शाईनं लिहिलंय : नऊ पट्टे, दक्षिण अमेरिका.
मी मोजले. आठ भरतात.
शहापूरकर सर म्हणाले, असतात की आठ,
सात असतात, अकरा असतात, नाव तेवढं नऊवर अडलं.
सर रंगात आले की थांबत नाहीत :
ह्याच्या कवचाखाली हाड असतं, यल्लूबाई,
आणि मादी एका अंड्यातनं चार पोरं काढते, चारी तंतोतंत.
दचकला की सरळ वर उडी मारतो,
म्हणून तिकडच्या रस्त्यांवर
चाकांच्या मधनं सुटायचा तो बंपरला आपटून मरतो.
मी म्हटलं, नुसता बसून राहिला असता तर?
सर म्हणाले, होय की.

माघात, काजू मोहरल्यावर,
कणकुंबीकडनं नारू गावडा पोतं घेऊन आला.
कॉलेजात, कारण पोलिसांना भ्याला
आणि फॉरेस्टवाल्यांना त्याहून.
'वारूळ उकरत होतं. मारलं न्हाई बघा, शपथ.'
पोत्यात फणसाएवढा गोळा,
खवल्यावर खवला,
नुकत्याच परतून घातलेल्या कौलांसारखा,
आणि मधल्या फटीत श्वास.

नारू म्हणाला, खवल्यामांजर.
गार्ड मड्डीमनी वाकून बघत म्हणाले, चिप्पूहंदी.
आमचं मांजर, त्यांचं डुक्कर.
पंचनाम्यात काय लिहायचं ह्यावर एकदा चहा झाला,
परत झाला.
सर म्हणाले, मांजर नव्हे, डुक्कर नव्हे,
कपाटातल्या त्याचंही हे कोणी लागत नाही.
मुंग्यांवर जगायचं म्हटल्यावर
दोन मुलखांतल्या दोन शिंप्यांनी
न भेटता एकच अंगरखा शिवला, झालं.
फक्त ह्याच्यात हाड नाही. नख आहे नुसतं.
तुमच्या बोटाला आहे तेच.

तेच नख.
मी रविवारी कापते, कागदावर धरून
उकिरड्यात टाकते.
तोळ्यावर घ्यायला अजून कोणी आलं नाही.
आणि ह्याच्यासाठी बिळात धूर सोडतात,
रात्रीच्या मोटारसायकली येतात, औषध म्हणून.
नारूनं मान खाली घातली. त्याला भाव ठाऊक होता.
ठाऊक असून आणलं,
हे लिहायला पंचनाम्यात रकाना नव्हता.

अंधार पडल्यावर भीमगडच्या कडेला ठेवलं.
जीपचे दिवे बंद.
पाऊण तास काहीच नाही.
सर कुजबुजत होते : दात नाहीत त्याला,
खडे गिळतं, पोटात दळतं,
आणि जीभ एवढी लांब की मूळ तोंडात मावत नाही,
खाली बरगड्यांपाशी जाऊन बांधलेलं.
मड्डीमनी कानडीत म्हणाले, गप बसा.
सर गप बसले.

मग गोळ्याला नाक फुटलं. ओलं.
मग डोळा, मिरीएवढा.
उलगडलं तेव्हा कळलं, पोटाला खवले नसतात,
मऊ असतं, विरळ केसांचं.
आणि तिथं, शेपटीच्या घडीत,
वीतभर पिल्लू, फिकट,
अंगावरची कौलं अजून न भाजलेली.
एवढा वेळ, पोत्यात, जीपमध्ये, दोन्ही चहांत,
आम्ही एकच मोजलं होतं.

पिल्लू शेपटीवर चढलं.
ती पुढची नखं आत मुडपून, मुठींवर चालत,
घाई न करता निघाली.
वाळका पाला वाजला. मग वाजायचा थांबला.

सोमवारी मड्डीमनींनी कागद आणला.
नावाच्या रकान्यात दोन्ही नावं, मधे तिरकी रेघ.
संख्येत एक खोडून दोन.
मी साक्षीदार म्हणून सही केली,
हात पुसले, कपाट उघडलं.
कार्डावरच्या नवाला धक्का लावला नाही.
परत मोजले फक्त.
आठच.