हरकत

शेवटी लागलं आमचं नाव फळ्यावर,
काचेमागे, एकाच टाचणीवर, कोपरा दुमडलेला:
सॅम्युएल यशवंत साळवे, वय चौसष्ट.
इंदुमती रखमाजी गांगुर्डे, वय एकसष्ट.
कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

तेहतीस वर्षं हा माणूस नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
स्टॅम्प पेपर छापत होता.
कुणाचं खरेदीखत, कुणाचं वाटणीपत्र,
कुणाचा काडीमोड,
सगळे त्याच्या मशीनवरून ओले निघाले.
सुटताना गेटवर रोज झडती,
डब्याचं झाकणसुद्धा उघडून बघायचे.
नखांतल्या शाईखेरीज
घरी काही आणलं नाही त्याने.

त्याचा पास्टर म्हणाला होता, आधी बाप्तिस्मा.
माझा बाप म्हणाला, आधी माझं मढं.
आम्ही कुणाचंच आधी केलं नाही.
जेल रोडला दोन खोल्या घेतल्या, एक स्टोव्ह.
तेच लग्न.

तेव्हा मी म्हणायचे, चांगली मोठ्याने,
सरकारने रस्ते करावेत, नळाला पाणी सोडावं,
आमच्या अंथरुणाची नोंद कशाला?

मग ओझरला मथुराला नवऱ्याने हाकललं.
कोर्टात म्हणाला, ही माझ्याकडे धुणंभांडी करायची.
देवळातलं लग्न. भटजी वारलेला.
एकुलत्या फोटोत तिचा चेहरा
मुंडावळ्यांआड.
बहीण माझी, पिशवी घेऊन दारात उभी,
आणि मी पोळी लाटता लाटता गप्प झाले.
त्यानंतर ते वाक्य मी पुन्हा म्हटलं नाही.
खोटं होतं असंही नाही म्हणत.

उन्हाळ्यात सॅमची छाती भरून आली.
दवाखान्याच्या फॉर्मवर, रुग्णाशी नातं,
तिथे माझं पेन थांबलं.
नर्स म्हणाली, लिहा ना मावशी, मागे लोक आहेत.

आता भाजीच्या निमित्ताने येऊन
दोनदा फळा बघून गेले.
कुणीच आलं नाही हरकत घ्यायला.
ज्यांची होती ते सगळे मेले.

उरली ती माझीच:
दाखल्यावर तारीख पडेल या बुधवारची.
मग आधीची छत्तीस वर्षं
कुठल्या रकान्यात लिहायची?
कारकुनाने अर्ज उलटा करून पाहिला, भला मुलगा,
म्हणाला, तसा रकाना नाहीये.

सॅमने तो अर्ज खिडकीच्या उजेडात धरला,
जलचिन्ह शोधत, जुन्या सवयीने.
'आमच्याकडचा नाही,' म्हणाला.
'साधाच कागद आहे, इंदू. कर सही.'