खोड

बंदरावरच्या जुन्या गोदामात, तिसऱ्या मजल्यावर
आमच्याकडे एक खराखुरा सिग्नल आहे,
भंगारातून आणलेला, पिवळी काच फुटलेला.
हिरवा म्हणजे मुख्य शाखा शाबूत.
लाल म्हणजे कुणीतरी, आत्ताच,
काहीतरी.

तिला सगळे मुख्य शाखा म्हणतात. मी मनात खोड म्हणते.
(मी सूचना-पुस्तिका लिहिते. कोडला हात लावत नाही.)

फांद्या हव्या तेवढ्या काढा, म्हणायचा झिग्मास,
वाकड्या, किडक्या, अर्ध्यात सोडलेल्या,
फांदीवर तुमचं राज्य.
पण खोडावर सकाळी सहाची बोट उभी असते:
क्लायपेडाहून समोरच्या वाळूच्या पट्टीवर
किती गाड्या, किती टन, कोण कुठल्या अंगाला.
झिग्मास आता मधमाश्या पाळतो.
कॉफीच्या यंत्रावर त्याची चिठ्ठी राहिली,
शिसपेन्सिलीत:
लाल असताना जोडू नका.

शुक्रवार, पावणेपाच. नोव्हेंबर, म्हणजे बाहेर रात्रच.
दिवा लाल.
सगळ्यांनी उग्न्युसकडे पाहिलं.
जॅकेटची एक बाही घालून झालेली.
‘एकच ओळ होती,’ तो म्हणाला,
जसं कुणी म्हणतं, एकच घोट.

स्किर्मांतेने त्याची ओळ काढून बाजूला ठेवली.
लालच.
गुरुवार काढला. लालच.
मग ती मागे मागे गेली,
अर्धं, अर्ध्याचं अर्धं,
कानातलं हरवल्यावर घर झाडतात तशी.
उग्न्युसने बाही काढली. कुणीतरी काळा पाव कापला,
लसणाचा वास पसरला, कुणी काही बोललं नाही.

साडेआठला सापडलं.
तीन आठवड्यांपूर्वीचं. खाली नाव: स्किर्मांते.

मला आठवतंय, तेव्हाही दिवा लाल झाला होता.
ती म्हणाली होती, चाचणीच लहरी आहे, पुन्हा चालवा.
पुन्हा.
तिसऱ्यांदा हिरवा. हिरवा म्हणजे हिरवा.

दोन बस आणि दुधाचा टँकर एका अंगाला आले
की दहातून एकदा
टँकरचं वजन बेरजेतून निसटायचं.
चाचणी लहरी नव्हती.
खरंच बोलत होती, अडखळत.
तीन आठवडे बोट गेली, आली,
कुणाचा पायसुद्धा ओला झाला नाही.

माझ्या भाषेत झाडाचं ते खोड,
जित्याची मेल्याशिवाय जात नाही ती खोड,
आणि चुकलेलं अक्षर आपण खोडतो.
हे तिला सांगून काय उपयोग?
तिच्याकडे तीन निराळे शब्द असणार,
आणि त्यातलं तिसरं तिला करायचं होतं.

‘तासाभरात दुरुस्त होईल ना?’ उग्न्युस म्हणाला.
‘होईल. फांदीवर. सोमवारी.’
आणि तिने एकवीस दिवस मागे घेतले,
चारशे ओळी,
त्यात एक फार देखणी होती, तीही.

दिवा हिरवा झाला.
आम्ही उठलो. ती उठली नाही.
तिने चाचणी पुन्हा चालवली,
या वेळी हिरवा असताना,
पन्नास वेळा.
उग्न्युस शेजारी बसून मोजत राहिला,
एकतीस, बत्तीस,
ओठ न हलवता.

खाली धक्क्यावर, सहाच्या रांगेत पहिला,
टँकरवाला आतापासूनच झोपला होता,
खिडकीला गाल लावून.