भट्टीवरचा गुरू

भिंतीपलीकडचा आनाक्लेतो दिवसा दातांच्या कवळ्या घडवतो
आणि रात्री एकला अंगणात दुर्बीण उभी करतो,
आमच्या पाण्याच्या पिंपाएवढी जाड.
आधी तिला पंखा लावतो.
ताप आलाय का, मी विचारलं.
हो म्हणाला. आरशाचा ताप उतरल्याशिवाय
काही धड दिसत नाही.

दुमागेतेत त्या वेळी जागे असतात
बंदरावरचे हमाल, दोनचार खुळे कोंबडे
आणि भिंतीच्या अल्याडपल्याड आम्ही दोघं.
मी पांदेसालचा मैदा तिंबत असते.
तो इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून,
वर नूडल्सच्या खोक्याचं छप्पर करून,
वाकून बसलेला.
काय करतोस एवढा वेळ?
हवा निवायची वाट बघतो, म्हणाला.
मी मैदा फुगायची.

मग एका रात्री टोपी हातात घेऊन भिंतीशी आला.
मानांग, राग मानू नका,
पण तुमची भट्टी पेटली की गुरू उकळतो.

मला हसूच फुटलं.
माझ्या टोपलीभर करवंट्या
आणि साठ कोटी किलोमीटरवरचा तो!
पण त्यानं पडदा वळवून दाखवला:
बिंब होतं खरं, पट्टेही होते,
आणि सगळं पेजेला कढ यावा तसं हलत होतं,
कडा म्हणून एका जागी ठरेना.
माझ्या धुराड्याची वाफ होती ती.
वीस वर्षं ती वर कुठे जाते
मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

येत्या हुवेबेसला, म्हणाला, पहाटे अडीचला
त्याच्या एका चंद्राची सावली त्याच्यावर मधोमध येईल.
तीनपर्यंत भट्टी थंड ठेवाल?
आणि जाता जाता सांगून गेला
की हुवेबेस या शब्दातही तोच बसलाय, गुरूच.
जन्मभर हा वार बोलत आले,
कुणाचं नाव घेतेय ठाऊक नव्हतं.

सहाशे पाव. साडेचारला ट्रायसिकलवाले,
पाचला पहिल्या बोटीचे लोक.
मी बोटांवर हिशेब केला, जमेना,
तरी बरं म्हटलं.

गुरुवारी काडेपेटी एप्रनच्या खिशात घालून
पायरीवर बसले.
गार भट्टी घरात मयत झाल्यासारखी वाटते.
पलीकडे तो पुटपुटत होता, थांब, थांब,
कुणाला ते कळेना,
वाऱ्याला की त्या सावलीला.
गुरू दहा तासांत गिरकी घेतो म्हणे,
तीन मिनिटांच्या वर चित्रण केलं तर डाग फरपटतात.
मैदाही कुणासाठी थांबत नाही.
माझा फुगला, ताठला, आणि तीन वाजायच्या आत
आंबून खाली बसला.

त्या दिवशीचे पाव चपटे झाले.
रेनेरियो ट्रायसिकलवाला म्हणाला,
मानांग, यांच्यावर बसलात का?

रविवारी फोटो आला.
भाकरीसारखा गोल, पट्टे जिथल्या तिथे,
एक तांबूस डोळा,
आणि मधोमध काळा तीळ.
एक तीळ, मला वाटलं, सहाशे पावांत.

अकरा हजार चित्रं होती, त्यानं सांगितलं.
तांदूळ निवडावेत तशी आठशे निवडली,
एकावर एक रचली.
आणि बाकीची?
टाकली. त्यांत हवा होती.

मी हात पुसले. म्हटलं, हा तुझ्याकडे ठेव,
कवळ्यांच्या दुकानात लाव, लोक बघतील.
मला एक टाकलेलं दे.
गुरुवारचं नको. त्याच्या आधीचं कुठलंही,
भट्टी पेटलेली असतानाचं.

तो बघत राहिला. ते खराब आहे, मानांग.
असू दे, म्हटलं.

आता ते पिठाच्या तराजूवर चिकटवलंय.
गिऱ्हाइकं विचारतात, हे काय, फुटलेलं अंडं?
मी सांगते, गुरू आहे.
आणि ती थरथर दिसते ना,
कडेची,
ती मी आहे.